चाळिशी ओलांडलेली व्हीएमई बस

संगणकातील बसविषयी, म्हणजे कार्डांना एकमेकांशी जोडणाऱ्या सामाईक तारांविषयी आणि त्यांवरच्या नियमांविषयी, बोलणे निघाले की पहिला प्रश्न हमखास वेगाचा येतो. सेकंदाला किती मेगाबाइट जातात, घड्याळ किती मेगाहर्ट्झचे आहे, लेन किती आहेत. घरातल्या किंवा कचेरीतल्या संगणकापुरता हा प्रश्न योग्यच आहे, कारण तिथे एखादे कार्ड क्षणभर अडखळले तर पडद्यावरचे चित्र क्षणभर अडखळते आणि त्यापलीकडे फारसे काही बिघडत नाही. परंतु ज्या संगणकाच्या हाती कोळशाच्या बॉयलरची झडप, रोलिंग मिलची मोटर किंवा विमानाची उपकरणे असतात, त्याची बस निवडताना वेगाचा आकडा बराच खाली जातो आणि त्याच्या वर निराळेच प्रश्न येऊन बसतात. एखाद्या कार्डाने उत्तर दिलेच नाही तर काय होईल, बस दुसऱ्याकडे असेल तर जास्तीत जास्त किती वेळ थांबावे लागेल, हादऱ्यांनी पिनांचा स्पर्श तुटेल का, उष्णता कोणत्या वाटेने बाहेर पडेल, आणि पंधरा वर्षांनी याच खाचेत बसणारे कार्ड मिळेल का? मी नागपूरच्या आसपासच्या कारखान्यांत आणि वीज केंद्रांत नियंत्रण यंत्रणांच्या देखभालीचे काम करतो, आणि या कामात माझे असे ठाम मत झाले आहे की कोणतेही बस मानक पारखायचे असेल, तर त्याने वाईट दिवसासाठी काय लिहून ठेवले आहे ते आधी वाचावे.

नागपूरपुरता वाईट दिवस म्हणजे काय, हे येथील वाचकांना सांगायला नको. नवतपा लागला की पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या पत्र्याच्या बंद पॅनेलमध्ये, जिथे आतल्या वीजपुरवठ्याची स्वतःची उष्णताही साठत असते, हवा सहज ६० अंशांपलीकडे पोहोचते. साध्या व्यावसायिक दर्जाच्या चिपची हमी ० ते ७० अंश सेल्सिअस इतकीच असते. औद्योगिक दर्जाच्या चिपची उणे ४० ते ८५, तर लष्करी दर्जाच्या चिपची उणे ५५ ते १२५ अंश. दाटीने उभ्या असलेल्या कार्डांच्या मधली हवा पॅनेलमधल्या हवेहूनही गरम असते, त्यामुळे साध्या दर्जाची चिप दुपारी आपल्या हमीच्या सीमेवरच उभी असते. पंखा लावावा, तर कोळसा हाताळणी विभागात तो हवेबरोबर कोळशाची भुकटीही आत ओढतो, आणि जून महिन्यात पहिला पाऊस पडला की ही भुकटी ओलावा धरते व दोन पिनांच्या मधोमध गळतीची वाट तयार करते. वातानुकूलित खोलीत संगणक ठेवणाऱ्यांना हे सारे अतिशयोक्तीचे वाटते, पण ही त्यातल्या त्यात सौम्य परिस्थिती आहे. विमानात, रणगाड्यात किंवा रेल्वेच्या इंजिनात हादरे आणि तापमानातील चढउतार याहून कितीतरी कडक असतात.

अशा जागांसाठी जी मानके तयार झाली, त्यांत व्हीएमई बसचे स्थान मला आजही सर्वांत वरचे वाटते. मोटोरोला कंपनीने १९७९ मध्ये आपल्या ६८००० या प्रोसेसरसाठी व्हर्साबस नावाची बस आणली होती. तिची विद्युत रचना चांगली होती, पण कार्डे आकाराने अवजड होती, आणि युरोपमध्ये तोवर युरोकार्ड या आकाराची कार्डे व त्यांचे रॅक रुळलेले होते. म्युनिकमधील मोटोरोलाच्या अभियंत्यांनी व्हर्साबसचे विद्युत नियम घेतले, ते युरोकार्डवर उतरवले, आणि ऑक्टोबर १९८१ मध्ये मोटोरोला, मॉस्टेक आणि सिग्नेटिक्स या तीन कंपन्यांनी मिळून ते जाहीर केले. पुढे १९८७ मध्ये ते आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेचे १०१४ क्रमांकाचे अधिकृत मानक झाले. एकाच कंपनीच्या खासगी मालकीत न राहता ते पहिल्या दिवसापासून अनेक कंपन्यांसाठी खुले होते, ही गोष्ट तेव्हा व्यापारी सोयीची वाटली असेल. देखभाल करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तीच सर्वांत मोलाची ठरली, कारण मूळ उत्पादक बाजारातून गेला तरी त्या जागी बसणारे कार्ड दुसरा कोणीतरी बनवत होता.

या मानकाचा यांत्रिक भाग लोक सहसा वाचत नाहीत, आणि मला मात्र तोच आधी वाचावासा वाटतो. युरोकार्डचे दोन मुख्य आकार आहेत. ३यू कार्ड १०० मिलिमीटर उंच असते आणि ६यू कार्ड २३३.३५ मिलिमीटर उंच. खोली दोन्हींची १६० मिलिमीटर. दोन खाचांमधले अंतर २०.३२ मिलिमीटर, म्हणजे इंचाच्या आठ दशांश इतके, त्यामुळे १९ इंची रॅकमध्ये २१ कार्डे उभी राहतात. खरा फरक कनेक्टरमध्ये आहे. घरच्या संगणकातले कार्ड आपली कडच खाचेत खुपसते. छापील पट्टीवरचा सोन्याचा पातळ मुलामा आणि खाचेतली स्प्रिंग एवढ्यावर सारा स्पर्श अवलंबून असतो. यंत्र सतत थरथरत असेल तर त्या स्पर्शबिंदूवर काही मायक्रोमीटरची घासाघीस अखंड चालू राहते, मुलामा झिजतो, खालचा धातू उघडा पडून त्यावर ऑक्साइडची भुकटी जमते आणि मग कधी लागणारा, कधी न लागणारा असा संपर्क निर्माण होतो, जो शोधून काढणे हे या व्यवसायातील सर्वांत वैतागवाणे काम आहे. व्हीएमईने त्याऐवजी डिन ४१६१२ हा दोन भागांचा कनेक्टर घेतला. त्याचा एक भाग कार्डावर, दुसरा बॅकप्लेनवर, म्हणजे सर्व कार्डांना जोडणाऱ्या रॅकच्या मागच्या छापील पाटीवर, ३२ पिनांच्या तीन ओळी मिळून ९६ पिना, आणि प्रत्येक पिन स्वतंत्रपणे आपल्या घरात घट्ट बसणारी. शिवाय कार्डाच्या दर्शनी पट्टीला वर आणि खाली स्क्रू असतात, जे आवळल्यावर कार्ड रॅकच्या चौकटीचाच भाग होते. हे स्क्रू न आवळता कार्ड नुसते ढकलून ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते, आणि नंतर दोष मात्र कार्डाला दिला जातो.

पंखा चालत नाही अशा जागांसाठी याच आकाराच्या कार्डांचे एक वेगळे रूप आहे, ज्याचे यांत्रिक नियम आयट्रिपलई ११०१.२ मध्ये दिले आहेत. त्यात कार्डावर धातूची चौकट असते, चिपची उष्णता त्या चौकटीतून दोन्ही कडांकडे वाहते, आणि कडेला वेजलॉक नावाची पट्टी असते, जी स्क्रू आवळला की फुगते व कार्डाची कड पेटीच्या धातूच्या भिंतीवर घट्ट दाबून धरते. हवा लागतच नाही, त्यामुळे पेटी पूर्ण बंद ठेवता येते. विरळ हवेत उडणाऱ्या विमानासाठी ही रचना झाली, पण कोळशाच्या भुकटीवरही तिच्याइतका चांगला उपाय मी पाहिलेला नाही. तिची किंमत हीच काय ती अडचण.

आता विद्युत भागाकडे वळू. व्हीएमईमधील माहितीची देवाणघेवाण कोणत्याही सामाईक घड्याळावर चालत नाही. बॅकप्लेनवर १६ मेगाहर्ट्झचे एक घड्याळ फिरते खरे, पण देवाणघेवाणीच्या वेळेशी त्याचा संबंध नाही. ज्या कार्डाकडे त्या क्षणी बसचा ताबा आहे ते पत्ता मांडते, ॲड्रेस स्ट्रोब ही रेषा खाली ओढते, मग डेटा स्ट्रोब खाली ओढते आणि थांबते. ज्या कार्डाचा तो पत्ता आहे ते आपले काम आपल्या गतीने उरकते आणि मगच डीटॅक ही पोचपावतीची रेषा खाली ओढते. पोच मिळाली की पहिले कार्ड डेटा स्ट्रोब सोडते, आणि ते सुटल्याचे पाहून दुसरे कार्ड डीटॅक सोडते. या चार पावलांत कोठेही 'इतक्या नॅनोसेकंदांत उत्तर आलेच पाहिजे' अशी अट नाही. याचा परिणाम असा की १९८५ मधले संथ ॲनालॉग कार्ड आणि त्यानंतर वीस वर्षांनी आलेले वेगवान मेमरी कार्ड एकाच बॅकप्लेनवर, एकमेकांना न अडखळवता, शेजारी शेजारी काम करतात. घड्याळावर चालणाऱ्या बसमध्ये हे जमत नाही. तिथे नवा वेग आला की जुन्या कार्डांना एक तर पुलापलीकडे ढकलावे लागते किंवा सगळ्या बसला त्यांच्या गतीने चालावे लागते.

येथे कोणाही जाणत्या वाचकाच्या मनात शंका येईल की उत्तराला कालमर्यादाच नसेल, तर न आलेल्या उत्तराची वाट किती काळ पाहायची? मानकाने याचे उत्तर दिले आहे आणि माझ्या मते तो त्याचा सर्वांत चांगला परिच्छेद आहे. पहिल्या खाचेतील नियंत्रक कार्डावर बस टायमर असतो. ठरावीक काळात डीटॅक आली नाही, तर तो बस एरर ही रेषा खाली ओढतो, अडकलेला व्यवहार मोडतो, आणि ६८००० सारखा प्रोसेसर कार्यक्रमातल्या त्याच सूचनेवर (इन्स्ट्रक्शनवर) थांबून अपवाद हाताळणाऱ्या कार्यक्रमाकडे जातो. म्हणजे कार्ड मेले, निघाले किंवा त्याचा पत्ता चुकला, तर सॉफ्टवेअरला ते तिथल्या तिथे कळते. याची तुलना जुन्या पीसीतील आयसा बसशी करून पाहावी. तिथे नसलेल्या कार्डाचा पत्ता वाचला तर कोणतीही तक्रार येत नाही. रेषा वरच राहतात आणि वाचणाऱ्याला सर्व बिट एक असलेला आकडा मिळतो. आयसानंतर पीसीत आलेल्या पीसीआय बसमध्येही पत्त्यावर कोणी नसेल तर साधारणपणे सर्व बिट एक हेच उत्तर हाती येते. तापमान मोजणाऱ्या कार्डाच्या बाबतीत हा आकडा 'कार्ड नाही' असाही असू शकतो आणि 'तापमान कमाल मर्यादेला गेले आहे' असाही. त्यांतला फरक ओळखण्याची जबाबदारी मग कार्यक्रम लिहिणाऱ्यावर येते, आणि कार्यक्रम लिहिणारा बहुधा वातानुकूलित खोलीत बसलेला असतो.

व्यत्ययांची, म्हणजे इंटरप्टची, व्यवस्थाही अशीच विचारपूर्वक केलेली आहे. ६८००० ला इंटरप्टच्या सात पातळ्या होत्या, म्हणून बॅकप्लेनवरही सात रेषा आल्या आणि सातवी सर्वांत महत्त्वाची मानली गेली. एका पातळीवर अनेक कार्डे असू शकतात, त्यामुळे नेमके कोणी हाक मारली हे ठरवण्यासाठी स्वीकृतीचा संकेत पहिल्या खाचेपासून एका कार्डातून पुढच्या कार्डात असा सरकत जातो, आणि ज्याने त्या पातळीवर हाक मारली आहे असे वाटेतले पहिले कार्ड तो संकेत पुढे न जाऊ देता आपला ओळखक्रमांक बसवर मांडते. पंगतीत वाढपी ज्या टोकाकडून निघतो त्या टोकाला बसलेल्यांच्या पानात आधी वाढले जाते, तसाच हा प्रकार आहे, आणि म्हणून कोणते कार्ड कोणत्या खाचेत बसवायचे हा केवळ जागेचा प्रश्न राहत नाही, तो प्राधान्याचा निर्णय असतो. मधली खाच रिकामी असेल तर संकेताची साखळी तिथेच तुटते. जुन्या बॅकप्लेनवर अशा रिकाम्या खाचेपाशी हाताने जम्पर, म्हणजे दोन पिना जोडणारे छोटे तुकडे, लावावे लागतात. देखभालीसाठी एखादे कार्ड काढून नेले, जम्पर लावला नाही, आणि पलीकडच्या सगळ्या कार्डांचे इंटरप्ट मुके झाले, हे दृश्य या व्यवसायातील प्रत्येकाने कोठे ना कोठे पाहिलेले असते. नंतरच्या बॅकप्लेनवर हे काम आपोआप होते. तरीही मी जम्परची एक पुडी पॅनेलच्या दाराला आतून चिकटवून ठेवतो, कारण तो एवढासा तुकडा सीताबर्डीच्या बाजारात रात्री अकरा वाजता मिळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे वेळेच्या हमीकडे. रिअल-टाइम या शब्दाचा अर्थ जलद असा घेतला जातो, तो खरा नाही. काम ठरलेल्या वेळेच्या आत होईलच हे आधी सांगता येणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. व्हीएमईवर अनेक कार्डे बसचा ताबा मागू शकतात. त्यासाठी मागणीच्या चार रेषा आहेत, आणि नियंत्रक त्यांना निश्चित प्राधान्याने किंवा फिरत्या क्रमाने ताबा देतो. फिरत्या क्रमात प्रत्येकाची पाळी येतेच, निश्चित प्राधान्यात वरच्याचे काम लवकर होते पण खालचा उपाशी राहू शकतो. मोठ्या तुकड्यांच्या वहनात एकाच कार्डाने बस अडवून बसू नये म्हणून मानकाने नियम घातला की ३२ बिटांच्या सलग वहनाने २५६ बाइटची सीमा ओलांडू नये. सेकंदाला १० मेगाबाइट या वेगाने पाहिले तर एवढ्या तुकड्याला सुमारे २६ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे वाट पाहण्याचा हिशेब कागदावर मांडता येतो. परंतु येथे एक फट आहे आणि ती झाकून ठेवू नये. अधिक महत्त्वाची मागणी आली की नियंत्रक ताबा असलेल्या कार्डाला 'बस मोकळी करा' असा संकेत देतो, पण त्या कार्डाने ती किती वेळात मोकळी करावी यावर मानकाची सक्ती नाही. त्यामुळे बस आपल्याला वेळेची हमी देते असे म्हणणे चूक आहे. हमी काढता येईल एवढी सामग्री ती देते, आणि हिशेब यंत्रणा रचणाऱ्यालाच करावा लागतो.

हा हिशेब केवळ तारांचा नसतो, हे दाखवणारे सर्वांत बोलके उदाहरण मंगळावर घडले. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात संगणकाचे कार्ड, कॅमेऱ्याचे आणि रेडिओचे जोडकार्ड हे सारे एका व्हीएमई बसवर होते. त्याच बसवर आणखी एक कार्ड होते, जे यानाच्या इतर भागांशी १५५३ या बसने बोलत असे. १५५३ हे अमेरिकेच्या लष्कराचे १९७० च्या दशकातील मानक. वेग सेकंदाला केवळ एक मेगाबिट, तारांची जोडी दुहेरी, आणि शिस्त अशी की एक नियंत्रक विचारील तेव्हाच बाकीच्यांनी बोलायचे, स्वतःहून कोणी तोंड उघडायचे नाही. आपल्या तेजस विमानातही याच मानकाचे १५५३बी हे रूप आहे. पाथफाइंडरमध्ये या बसच्या वेळापत्रकाचे चक्र सेकंदाच्या एक अष्टमांशाचे होते. प्रत्येक चक्रात एक काम पुढच्या फेरीचे व्यवहार मांडून ठेवी, दुसरे काम आलेली माहिती वाटून देई, आणि पहिले काम पुन्हा सुरू झाले तेव्हा दुसरे संपलेले नसेल, तर काहीतरी गंभीर बिघडले आहे असे समजून संगणक स्वतःला पुन्हा सुरू करी.

उतरल्यानंतर काही दिवसांनी संगणक असा वारंवार पुन्हा सुरू होऊ लागला. बस ठीक होती, कार्डे ठीक होती. हवामानाची माहिती गोळा करणारे एक कमी प्राधान्याचे काम एका सामाईक कुलुपाचा, म्हणजे एका वेळी एकाच कामाला आत सोडणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या अडसराचा, ताबा घेत असे. ते कुलूप हाती असतानाच मधल्या प्राधान्याची लांबलचक कामे येऊन प्रोसेसर अडवत. आणि त्याच कुलुपासाठी खोळंबलेले माहितीवाटपाचे वरच्या प्राधान्याचे काम वेळेत संपत नसे. खालचे काम वरच्याला अप्रत्यक्षपणे अडवून धरते, या प्रकाराला प्राधान्याचा उलटफेर म्हणतात. व्हीएक्सवर्क्स या कार्यप्रणालीत त्यावर उपाय आधीपासून होता: कुलूप धरणाऱ्या कामाला, त्याची वाट पाहणाऱ्याचे प्राधान्य तात्पुरते बहाल करायचे. ती सोय या कुलुपासाठी बंद ठेवलेली होती, आणि पृथ्वीवरून संदेश पाठवून ती सुरू करण्यात आली. मला या घटनेत विशेष वाटते ते हे, की दोष उघड झाला तो १५५३ च्या कडक वेळापत्रकामुळे. वेळापत्रक सैल असते, तर माहिती कधी आली, कधी उशिरा आली, असे चालत राहिले असते आणि कोणाच्या लक्षातही आले नसते.

व्हीएमईनंतर आलेल्या मानकांविषयी थोडक्यात लिहितो. पीसी/१०४ हे १९९२ चे मानक आकाराने लहान, साधारण ९० बाय ९६ मिलिमीटरचे. त्यात बॅकप्लेनच नाही, कार्डावर कार्ड पिनांनी रचायचे आणि चार कोपऱ्यांत खांब आवळायचे. हादऱ्यांना ते उत्तम टिकते, पण मधल्या कार्डाची उष्णता मधेच कोंडते, त्यामुळे आमच्याकडच्या उन्हाळ्यात तीनपेक्षा अधिक थर रचू नयेत असे माझे मत आहे. कॉम्पॅक्टपीसीआय १९९५ मध्ये आले. पीसीआयचे विद्युत नियम युरोकार्डच्या आकारावर उतरवण्याची ही कल्पना व्हीएमईच्या जन्मकथेची पुनरावृत्तीच म्हणावी लागेल. २ मिलिमीटर अंतराच्या पिनांचा चांगला कनेक्टर, सेकंदाला १३३ मेगाबाइट, पण ३३ मेगाहर्ट्झवर एका भागात आठच खाचा, आणि इंटरप्टच्या चार रेषा सगळ्यांत सामाईक, म्हणजे हाक कोणाची हे शोधायला सॉफ्टवेअरने एकेकाला विचारत जायचे. व्हीएमईही स्वस्थ बसली नव्हती. पत्त्याच्या रेषांवरूनच माहिती पाठवून तिने ४० मेगाबाइटचा वेग ८० वर नेला, आणि पुढे २ईएसएसटी पद्धतीने तो ३२० पर्यंत पोहोचला, आणि हे सारे होताना जुनी कार्डे त्याच बॅकप्लेनवर चालत राहिली.

व्हीपीएक्सची गोष्ट निराळी आहे. समांतर रेषांनी जेवढे होणार होते तेवढे झाले होते, म्हणून व्हीटा या संघटनेने व्हीटा ४६ या क्रमांकाखाली नवा कनेक्टर आणि अतिवेगवान तारजोड्यांची रचना आणली. कार्डाचे आकार तेच ३यू आणि ६यू ठेवले, परंतु बस मात्र गेली. आता कार्डाकार्डांत थेट दुवे असतात. रडार आणि प्रतिमाप्रक्रियेसाठी हे अपरिहार्यच होते. त्याची किंमत अशी मोजावी लागली की कोणत्या पिनेवर कोणता दुवा हे ठरवायला इतकी मोकळीक मिळाली की दोन उत्पादकांची, दोन्ही नियमाला धरून असलेली कार्डे एकमेकांशी बोलतीलच याची शाश्वती राहिली नाही. ती परत आणण्यासाठी २०१० मध्ये ओपनव्हीपीएक्स, म्हणजे व्हीटा ६५ आले, ज्यात खाचेचे, कार्डाचे आणि बॅकप्लेनचे नमुने आखून दिले. मग तेच नमुने इतके झाले की त्यांतून निवडक वेचून घेण्यासाठी सोसा हे आणखी एक मानक २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हीएमईचे कार्ड विकत घेताना आपण पत्त्याची रुंदी आणि माहितीची रुंदी विचारत असू. व्हीपीएक्सचे घेताना बॅकप्लेनचा नमुना हातात धरूनच दुकानदाराशी बोलावे लागते.

माझ्याकडे मात्र येणारा नेहमीचा प्रश्न नव्या रॅकचा नसतो, तो जुन्याचा असतो. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतले तरुण अभियंते विचारतात, "सर, हा जुना रॅकच काढून टाकू या का?" मी त्यांना आधी रॅकच्या मागची बाजू पाहायला सांगतो. व्हीएमईच्या दुसऱ्या कनेक्टरच्या फक्त मधल्या ओळीवर बसचा हक्क आहे. बाहेरच्या दोन ओळींतल्या ६४ पिना वापरणाऱ्याच्या आहेत, आणि अनेक यंत्रणांत शेतातल्या, म्हणजे यंत्राजवळच्या, तारा याच पिनांवरून मागे उतरवलेल्या असतात. रॅक बदलायचा म्हणजे त्या साऱ्या तारा सोडवून पुन्हा बांधायच्या, प्रत्येक बिंदू पुन्हा तपासायचा, आणि हे सगळे बंदच्या ठरावीक काळात उरकायचे. त्यापेक्षा रॅक आणि जोडकार्डे तशीच ठेवून केवळ प्रोसेसरचे कार्ड बदलणे हा बहुतेक वेळा शहाणपणाचा मार्ग असतो, आणि तो मोकळा राहिला तो मानकामुळेच.

या मार्गावर एक खड्डा आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. नव्या कार्डावरचा प्रोसेसर व्हीएमई जाणत नाही. तो पीसीआयवर बोलतो आणि मध्ये एक पूल-चिप असते. कॅनडातील टुंड्रा कंपनीची युनिव्हर्स ही चिप वर्षानुवर्षे हे काम करत आली, तिच्यानंतर टीएसआय१४८ आली, २००९ मध्ये ती कंपनी आयडीटीने घेतली, आणि पुढे या चिपचे उत्पादन थांबल्यावर अनेक उत्पादकांनी हाच पूल एफपीजीएमध्ये, म्हणजे आतली रचना नंतर ठरवता येणाऱ्या चिपमध्ये, बांधला. पुलाचा पहिला त्रास बाइटच्या क्रमाचा आहे, कारण ६८००० आकड्यातला मोठ्या स्थानमूल्याचा बाइट आधी ठेवतो आणि पीसीआयचे जग लहान स्थानमूल्याचा बाइट आधी ठेवते. हा दोष पहिल्याच चाचणीत दिसतो, त्यामुळे तो फारसा घातक नाही. दुसरा त्रास लपून राहतो. वेग वाढावा म्हणून पूल प्रोसेसरने लिहिलेला शब्द आपल्याजवळ ठेवून घेतो, प्रोसेसरला 'झाले' असे लगेच सांगतो, आणि व्हीएमईवरचा व्यवहार नंतर सवडीने करतो. त्या वेळी समोरचे कार्ड मेलेले निघाले आणि बस एरर आली, तरी प्रोसेसर तोवर कितीतरी सूचना पुढे गेलेला असतो; चूक पुलाच्या एका रजिस्टरात नोंदली जाते, आणि ते रजिस्टर कोणी वाचलेच नाही तर ती तिथेच राहते. जुन्या कार्डावर जो बिघाड त्याच सूचनेवर पकडला जात होता, तो आता मुकाट्याने निसटतो. वाचनात उत्तराची वाट पाहावीच लागते, पण तिथेही पुलाच्या रचनेनुसार चूक झाल्याच्या इशाऱ्याऐवजी सर्व बिट एक असलेला आकडा हाती पडू शकतो, म्हणजे आपण पुन्हा पीसीच्या रीतीवर येऊन पोहोचतो.

उपाय अवघड नाही. ज्या पत्त्यांवर नियंत्रणाची कार्डे आहेत तेवढ्या खिडकीपुरते, म्हणजे पुलाला नेमून दिलेल्या पत्त्यांच्या पट्ट्यापुरते, हे साठवून लिहिणे बंद ठेवता येते. युनिव्हर्समध्ये प्रत्येक खिडकीसाठी त्याचा वेगळा बिट आहे. वेग कमी होतो, पण झडप उघडण्याच्या आदेशाला सेकंदाला ८० मेगाबाइट कधीच लागत नाहीत. मोठ्या नोंदी वाहून नेणाऱ्या मेमरी कार्डांच्या खिडकीत ते चालू राहू द्यावे आणि प्रत्येक तुकड्यानंतर त्याच कार्डातले एक वाचन करावे, म्हणजे आधीचे लिहिणे पूर्ण झाल्याशिवाय ते वाचन परत येत नाही. याशिवाय पुलाच्या चूक-रजिस्टरावरचा इंटरप्ट सुरू करून तो यंत्रणेच्या सूचनाफलकापर्यंत नेलाच पाहिजे. नवे प्रोसेसर कार्ड बसवून दिले जाते तेव्हा पुरवठादार सहसा सर्व कार्डे जागेवर असताना यंत्रणा चालवून दाखवतो. मी त्याला वीजपुरवठा बंद करायला, एक ॲनालॉग कार्ड काढायला, साखळीचा जम्पर लावायला आणि मग यंत्रणा पुन्हा सुरू करायला सांगतो. त्या कार्डाचे मापन पडद्यावर 'कार्ड नाही' असे दिसले तर पुढच्या चाचण्या होतात. तिथे एखादा आकडा दिसला, मग तो कितीही विश्वासार्ह वाटो, तर स्वीकृतीच्या कागदावर सही होत नाही.